रेक्टरबाई द्राक्षाच्या बेटावर

आमच्या घराण्यात दारू पिऊन भर बोटीत रडलेली पहिली बाई म्हणजे मी. याआधी कुणी प्यायलंच नाही असं नाही. आमचे बापूकाका प्यायचे, पण ते घरी येऊन, दार लावून, शिस्तीत रडायचे. मी मात्र अमेरिकेत, तलावाच्या मधोमध, बोटभर अनोळखी माणसांसमोर आणि शेजारी सख्खी आई बसलेली असताना गळा काढला! आईच्या अंगावर तेव्हा नऊवारी नाही, पाचवारी साडी होती आणि तिच्यावर भगव्या रंगाचं लाइफ जॅकेट. (ते का होतं, ते सांगतेच.)

सगळ्याची सुरुवात एका बॅगेपासून झाली. आई त्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे ॲन आर्बरला आली होती. बाबा गेल्यानंतरची तिची ही दुसरी खेप. परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं, पण ऑगस्ट उजाडल्याबरोबर तिने पाहुण्यांच्या खोलीत खुर्चीवर बॅग उघडून ठेवली. रोज तीत काहीतरी जायचं. कधी बदामाचं पाकीट, कधी शेजारणींसाठी घेतलेल्या क्रीमच्या डब्या, कधी माझ्या मुलीने, ईराने दिलेला मफलर. बॅग भरत चालली तशी मी त्या खोलीत जायचं टाळायला लागले.

"आई, अजून महिना आहे गं," मी म्हणायची.

"असू दे. ऐनवेळी धावपळ नको." मग मफलरची घडी करता करता, जणू आज भाजी कुठली करायची ते सांगावं इतक्या सहज ती म्हणाली, "आणि हे बघ मधू, ही शेवटची खेप हं. आता मला बोलावू नकोस. त्या विमानात बसून माझे पाय सुजतात, गुडघे आठ दिवस बोलतात. आता तूच येत जा."

तूच येत जा! मी जाते तेव्हा माझ्याकडे दोन आठवडे असतात. त्यातला एक बँकेत संपतो आणि दुसरा लोकांकडे जेवायला जाण्यात. आई मला निवांत बघायला मिळते ती फक्त रिक्षात, आणि रिक्षात बोललेलं ऐकू येत नाही. मला आई हवी होती ती अशी, घरात. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना पलीकडे तिच्या बांगड्या वाजत आहेत, ती कुकरला दम देते आहे, "हे काय गं तुमचं दही!" म्हणून फ्रिजशी भांडते आहे, अशी. पण असं काही आमच्याकडे बोलायची पद्धत नाही. आमच्याकडे "जेवलीस का?" एवढ्यात सगळं बसवतात.

बरं, आईचं चित्तही थाऱ्यावर नव्हतं. तिच्या मनगटावरचं घड्याळ तिने आल्यापासून नाशिकच्या वेळेवरच ठेवलं होतं. आम्ही सकाळचा चहा घेत असलो की ती घड्याळ बघून म्हणायची, "आता समोरच्या जोशीणबाई फिरायला निघाल्या असतील." दुपारी आम्ही जेवायला बसलो की, "आता झोपल्या सगळ्या." म्हणजे मी तिच्यासमोर बसून तिच्यासाठी झुरत होते आणि ती माझ्यासमोर बसून नाशिकसाठी!

हे सगळं मी माझ्या नवऱ्याला, सुहासला सांगितलं. सुहास इंजिनिअर आहे. त्याला प्रश्न दिला की तो उत्तर देतो, मग ते त्याच प्रश्नाचं असो वा नसो.

"आईंना नाशिक हवंय ना? मग त्यांना द्राक्षं दाखवू."

"कुठे?"

"लेक ईरीवर. इथून दोन तास ड्राइव्ह, तिथून बोट, बोटीने बेट, बेटावर द्राक्षाचा मळा. हाफ डे ट्रिप. ट्रॅक्टर राइड, लंच आणि वाइन टेस्टिंग."

"वाइन? आई आणि वाइन?"

"अगं, तू 'द्राक्षाची बाग' म्हण ना. ते खरंच आहे."

मला ते एकदम पटलं. (इथेच माझं डोकं तपासायला हवं होतं.) माझा डाव साधा होता. आई वेली बघणार, तिला घरच्यासारखं वाटणार, आणि परत येताना गाडीत ती म्हणणार, "छान आहे गं तुमच्याकडे, येत जाईन मी दरवर्षी." एवढं एक वाक्य मला हवं होतं. त्यासाठी मी तिला तलावात काय, आकाशात न्यायला तयार होते.

"द्राक्षाची बाग?" आईने बॅगेतून मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदा तिला इथल्या कशाततरी रस वाटला. "चला की. मी पिशवी घेते, किलोभर आणू."

पुढे जाण्याआधी आईची नीट ओळख करून द्यायला हवी. आई नाशिकला मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होती. आम्ही आवारातच राहायचो, त्यामुळे मी तिची मुलगी कमी आणि विद्यार्थिनीच जास्त होते. जेवणाच्या वेळी आई मेसच्या दाराशी, ताटं ठेवायच्या मोरीजवळ उभी राहायची. ताटात काही टाकलेलं दिसलं की ती ओरडायची नाही. नुसती त्या ताटाकडे बघायची. मुलगी आपोआप मागे वळायची, परत पाटावर बसायची आणि उरलेला घास संपवायची. त्या नजरेखाली मी दुधीभोपळा संपवलाय, शेपू संपवलाय, आणि एकदा घाबरून लिंबाची फोडसुद्धा सालासकट खाल्ली आहे. पानात टाकायचं नाही, हे आमच्या घरात श्वास घ्यावा तितकं उघड होतं.

निघायच्या दिवशी सकाळी बघते तर ओट्यावर दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून तयार!

"आई, तिकडे लंच आहे."

"त्यांचं लंच म्हणजे पाव आणि पाला. तू गप्प बस."

"आजी, आय एम सिटिंग विथ द डबा," सतरा वर्षांची ईरा म्हणाली आणि गाडीत मागे बसून तिने अर्ध्या वाटेत दोन दशम्या उडवल्या.

धक्क्यावर पोचलो तर समोरच भलामोठा बोर्ड. बोर्डवर द्राक्षाचा घड, आणि त्याहून मोठा वाइनचा ग्लास. आई बोर्डासमोर थांबली. मी घाईघाईने म्हणाले, "म्हणजे... द्राक्षाचाच रस तो आई, जरा जुना असतो इतकंच."

"मधू," आई म्हणाली, "मी नाशिकची आहे. आमच्याकडे आता मंगल कार्यालयांपेक्षा वायनऱ्या जास्त झाल्यात. तू मला काय शिकवतेस? मी घेणार नाही. तुम्ही घ्या, माझं काही म्हणणं नाही."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा लवकरच टाकला.

बोट लहानशी होती, दोन्ही बाजूंना बाकं असलेली. दाढीवाल्या कॅप्टनने लाइफ जॅकेटं दाखवली आणि म्हणाला, मोठ्यांना सक्ती नाही, पण हवं असेल तर घाला. बोटीत एकाही मोठ्या माणसाला हवं नव्हतं. आई उठली, तिने जॅकेट घेतलं, पदर आत खोचला आणि ईराकडून सगळे पट्टे आवळून घेतले.

"आई, ते ऑप्शनल आहे!"

"सांगितलंय ना त्यांनी? मग घालायचं. उगीच नाही सांगत कुणी."

बोट सुटली आणि वारा लागला. आईचे पांढरे केस अंबाड्यातून सुटून उडायला लागले. ती कठड्याला धरून बसली होती, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला होता. "समुद्रच की गं हा!" "समुद्र नाही, तलाव." तिचा विश्वास बसेना. तिने कठड्यावरून उडालेले तुषार हातावर घेतले आणि जिभेवर लावून पाहिले. "खरंच गं, मीठ नाही!" ती हसली. मी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आत्ताच विचारावं का, येशील ना पुन्हा? पण सुहासने फोटो काढायला हाक मारली आणि ते राहून गेलं.

बेटावर उतरताना सगळ्यांनी आपापली चीजवस्तू घेतली. आईने जॅकेट अंगावरच ठेवलं.

"आई, काढ ते."

"परत बोटीनंच यायचंय ना? मग पुन्हा सतरा पट्टे कोण लावत बसणार?"

झालं! आई त्या बेटावर साडी, स्पोर्ट्स शूज आणि भगवं जॅकेट अशा थाटात उतरली. परिणाम असा झाला की लोक तिला तिथली अधिकारी समजायला लागले. ट्रॅक्टरजवळ एका बाईने तिला अदबीने विचारलं, की रेस्टरूम कुठे आहे? आईने एका क्षणाचाही विलंब न लावता समोर बोट दाखवलं. "गो स्ट्रेट. डोन्ट रन." ती बाई खरंच न पळता, सरळ गेली. (रेस्टरूम तिकडेच निघाली. आईचं असंच असतं.)

ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीतून आम्ही मळ्यात शिरलो. दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेल्या वेली, खाली जांभळे घड, आणि रांगांच्या शेवटी निळं पाणी. आई ट्रॉलीच्या कडेवरून वाकून बघायला लागली. ट्रॅक्टरवाल्याने मध्ये थांबून सगळ्यांना एकेक द्राक्ष तोडू दिलं. आईने ते तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मी श्वास रोखून बघत होते.

"बी आहे गं," ती म्हणाली. "साल पण केवढं जाड." मग बऱ्याच वेळाने, वेलीच्या पानावरून बोट फिरवत म्हणाली, "पान मात्र अगदी आपल्याकडच्यासारखं. मी पोचेन तेव्हा तिकडे छाटणीची गडबड सुरू झालेली असेल. जोशीणबाईंच्या जावयाची बाग आहे ना, ते दरवर्षी मला बोलावतात."

म्हणजे जिने नाशिक विसरावं म्हणून मी तिला इथवर आणलं, तिलाच मी होतं नव्हतं तेवढं सगळं नाशिक आठवून दिलं! सुहासने माझ्याकडे बघितलं आणि लगेच वेलींकडे बघायला लागला.

जेवण झालं. (पाव आणि पाला. आईने माझ्याकडे एकदा बघितलं, बोलली काही नाही.) आणि मग आम्ही तलावाकाठी लांब टेबलांवर टेस्टिंगला बसलो. आमच्या टेबलावर रॉन आणि पॅटी नावाचं ओहायोचं निवृत्त जोडपं होतं. डोना नावाची हसरी बाई आली आणि तिने प्रत्येक मोठ्या माणसासमोर एकेक लाकडी फळी ठेवली. फळीवर पाच छोटे ग्लास, ओळीने भरलेले. आईने नको म्हणून हात हलवला, पण तिकिटात होतं म्हणून डोनाने तिच्यासमोरही ठेवली. ईराला द्राक्षाचा रस मिळाला.

"या पहिलीत तुम्हाला पेअरची आणि थोडी ओल्या दगडाची चव लागेल," डोना म्हणाली. ईराने आजीला ते मराठीत सांगितलं.

"दगडाची चव? ती यांना कशी माहीत?" आई म्हणाली. "तांदूळ नीट निवडत नसतील."

टेबलाच्या मधोमध एक चकचकीत स्टीलचं भांडं होतं. डोना हसून म्हणाली, की चव घ्या, आवडली नाही किंवा जास्त झाली, तर उरलेली बिनधास्त या भांड्यात ओतून द्या! ईराने तेही सांगितलं. आईचा चेहरा बदलला.

"ओतून द्या? चांगलंचुंगलं, पानात वाढून घेतलेलं?"

"आई, इथे तशी पद्धतच आहे."

"असली कसली पद्धत!"

इतक्यात सहा फुटी रॉनने आपला निम्मा ग्लास भांड्यावर तिरका केला. आई त्याला काहीच म्हणाली नाही. ती नुसती त्या ग्लासकडे बघायला लागली. मी ती नजर ओळखली आणि माझ्या अंगावर काटा आला! रॉनला काय झालं ते त्याला कधीच कळलं नसेल, पण त्याचा हात हवेत थांबला, ग्लास सरळ झाला, आणि त्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला. मग आईने ते स्टीलचं भांडं उचललं आणि बाकाखाली, आपल्या पायांशी ठेवून दिलं. आमच्या टेबलाची मोरी बंद झाली.

सुहासला गाडी चालवायची होती. त्याने प्रत्येक ग्लासातला एकेक घोट घेतला आणि फळी बाजूला सारली. आता, जावयाला बोलायचं नाही हा आईचा नियम. त्यामुळे जावयाचं जे काही असेल ते आजवर मला ऐकावं लागत आलंय. त्या दिवशी ते मला प्यावं लागलं.

आईने सुहासची फळी माझ्यापुढे सरकवली. "नवऱ्याचं आहे, उष्टं चालतं." मग स्वतःचीही सरकवली. "आणि हे तर मी शिवलेलंही नाही."

"आई! एवढं सगळं मी पिऊ?"

"एवढं कुठाय? औषधाच्या टोपणाएवढे तर ग्लास आहेत."

"अगं, पण ही वाइन आहे."

"ते त्यांनी भरायच्या आधी सांगायचं होतंस. आता टाकणार आहेस?"

आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी पन्नाशीची बाई आहे. माझ्या हाताखाली ऑफिसात दहा-बारा माणसं काम करतात. पण त्या नजरेपुढे मी पुन्हा मेसमधली दोन वेण्यांची मधू झाले, आणि ओळीने सगळे ग्लास संपवायला लागले. पांढरे संपवले, गुलाबी संपवले, ओले दगड संपवले. समोर रॉन आणि पॅटीही शहाण्या मुलांसारखे आपापली फळी स्वच्छ करत होते. पॅटी सुहासला म्हणाली, "युअर वाइफ रिअली नोज हर वाइन!"

डोना परत आली तर तिला काय दिसलं? टेबलावरचे सगळे ग्लास कोरडे, आणि भांडं नाहीसं! अशी पाहुणे मंडळी तिला उभ्या जन्मात भेटली नसावीत. ती इतकी खूश झाली की आत जाऊन खास राखून ठेवलेली, मधासारखी गोड वाइन घेऊन आली आणि आमच्यावर मेहेरबानी म्हणून आणखी एकेक ग्लास भरला.

"बघ," आई मला दटावून म्हणाली, "पान एकदम चाटूनपुसून ठेवलं की वाढपी येणारच. वेळेवर हात आडवा घालायला नको?"

तो हात मी आडवा घातला, पण तोवर मीच आडवी होण्याच्या स्थितीत आले होते. गोड वाइनही संपली. माझी, सुहासची आणि आईची.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. (बाकीचं ईराच्या फोनमध्ये आहे. ती ते डिलीट करत नाही.) मी उभी राहून आख्ख्या टेबलाला आईची ओळख करून दिली. "धिस इज माय मदर! रेक्टर!" रॉन उभा राहिला आणि त्याने आईशी हस्तांदोलन केलं. मी पॅटीला वसतिगृहाच्या मेसमधल्या शेपूची सगळी हकीकत मराठीत सांगितली आणि ती माझा हात धरून "ओ हनी" म्हणत राहिली. मी डोनाला मिठी मारली. मग मी ट्रॅक्टरवर चढले, पण चुकून पुढे, चालवणाऱ्याच्या जागेवर. मला तिथून उतरवायला जावई आणि रेक्टर दोघंही लागले.

"मधू, चालताना खाली बघ," आई कानात म्हणाली. तिने माझा दंड घट्ट धरला होता. लहानपणी तापात डॉक्टरकडे नेताना ती असाच धरायची. आणि त्या पकडीने माझ्या आतलं काहीतरी ढिलं झालं.

बोट सुटली. सगळे दमून गप्प झाले होते. ऊन उतरत होतं, बेट लहान होत चाललं होतं, आणि मी आईच्या खांद्यावर, म्हणजे त्या जाडजूड जॅकेटवर डोकं ठेवून बसले होते. बेटाकडे बघत आई सहज म्हणाली, "संपली बाई सहल. आता घरी जाऊन उरलेली बॅग भरायला मी मोकळी."

आणि मी भोकाड पसरलं!

"नको ना जाऊस," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. "आई, तू नको ना जाऊस! तू गेलीस की मी तुझ्या खोलीचं दार उघडत नाही. तुझ्या उशीचा अभ्रा धूत नाही मी, तसाच ठेवते. सकाळी कुकरची शिट्टी होत नाही, दह्याला कुणी नावं ठेवत नाही. तू म्हणतेस शेवटची खेप. शेवटची काय? मला नाही चालणार शेवटची!"

बोटीतल्या सगळ्या माना वळल्या. कॅप्टनला वाटलं मला बोट लागली. त्याने लगबगीने उलटीसाठी कागदी पिशवी आणून दिली. आईने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, घडी केली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. (चांगली जाड होती!)

"व्हॉट इज शी सेइंग?" पॅटीने ईराला हळूच विचारलं.

"शी डजन्ट वॉन्ट आजी टू गो बॅक टू इंडिया," ईरा म्हणाली, आणि मग तिचाही आवाज फुटला, "नीदर डू आय." ते ऐकून पॅटी रडायला लागली. पॅटी रडते म्हणून रॉनने खिशातला रुमाल काढला, आणि तो तिला न देता स्वतःच वापरला. सुहास तलावाकडे बघत होता. त्या तलावात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आईने माझ्या तोंडावर आलेले केस मागे सारले. मग माझ्या पाठीवर थोपटत, फक्त मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "अगं, मला काय जायची हौस आहे? पण मी इथे सकाळी उठते तेव्हा तिथला दिवस निम्मा सरलेला असतो. माझा दिवसच सापडत नाही मला. तिथे माझ्या घरात सकाळी दार उघडलं की माझा दिवस उभा असतो दारात. पण तिथे तू नसतेस. मग मी दुपारी तुझ्या कपाटातल्या जुन्या ओढण्यांना उन्हं दाखवते. कुणी वापरत नाही, तरी दाखवते. कुठेही असले तरी अर्धं काहीतरी राहतंच गं मधू." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तो अभ्रा धू आधी. वास मारत असेल."

मी रडता रडता हसले, मग परत रडले. आईने डबा उघडला, एका दशमीवर बटाट्याची भाजी घातली, गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "खा. म्हणजे उतरेल." आणि सवयीने पुढे जोडलंच, "टाकू नकोस."

उतरताना आई जॅकेटसकट गाडीकडे निघाली होती. कॅप्टन मागे धावत आला. आईने माझ्या अश्रूंनी ओला झालेला जॅकेटचा खांदा पदराने पुसला आणि मगच त्याला ते परत केलं.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं. मी जिना उतरत होते तर खाली स्वयंपाकघरात आईचा दबका आवाज.

"सुहासराव, खरं सांगा. हे कधीपासून?"

"नाही आई, तसं काही... म्हणजे... मी काय सांगू?"

सुहासला खरोखरच काय सांगावं ते सुचत नव्हतं. पण वसतिगृहात इतकी वर्षं काढलेल्या बाईने "मी काय सांगू" याचा जो अर्थ लावायचा तोच लावला. मी आत गेले तेव्हा तिने माझ्यापुढे ताकाचा पेला ठेवला आणि माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला माझ्याबद्दल दया वाटायला लागली. खरं सांगायचं तर मी वर्षाकाठी कुणाच्या तरी पार्टीत एक ग्लास घेते, आणि तोही सबंध संध्याकाळभर हातात धरून गरम करते.

हे मी तिला त्या दिवशी सांगणार होते. मग दुसऱ्या दिवशी. पण बॅग भरली, तिचं कुलूप लागलं, आणि आम्ही विमानतळावर येऊन पोचलो. व्हीलचेअर घेऊन माणूस आला. आई बसली, पर्स मांडीवर घेतली आणि मला खाली वाकायला लावलं.

"मधू, मी मेमध्ये येते परत."

"पण तू तर म्हणालीस, शेवटची..."

"म्हणाले होते. गुडघ्यांचं बघू काहीतरी. असं तुला सोडून कसं चालेल? कुणीतरी लक्ष ठेवायला हवं तुझ्यावर."

मी तोंड उघडलं. सुहासने मागून हळूच माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं आणि मान खाली घातली, व्यसनी माणसाने घालावी तशी. व्हीलचेअर वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी ती वर केली नाही. नंतर गाडीत बसल्यावर मात्र बोटीतल्याइतकीच रडले, आणि या खेपेला न पिता.

तेव्हापासून आई दर मेमध्ये येते. मी सुधारू नये याची मी पुरेपूर काळजी घेते. तिकिटं काढायची वेळ आली की व्हिडिओ कॉलच्या आधी मी ओट्यावर, माझ्या बरोबर पाठीमागे, तिला दिसेल न दिसेल अशी एक रिकामी बाटली ठेवते. आई ती बघते, सुस्कारा टाकते, आणि तारीख सांगते.

यंदा मात्र तिचं काही खरं दिसत नव्हतं. "डॉक्टर नको म्हणतात गं, एवढा प्रवास," ती म्हणत होती. "आणि मलाही होत नाही आता." पुढच्या कॉलला मी एकही धोका पत्करला नाही. घरात सापडतील तेवढ्या सगळ्या उंच बाटल्या गोळा केल्या, ओट्यावर रांगेने उभ्या केल्या, केस जरा विस्कटले आणि आवाज खोल नेऊन म्हटलं, "हॅलो, आई..."

आई स्क्रीनजवळ आली. डावीकडून उजवीकडे सगळी रांग सावकाश बघितली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नको तितकं स्पष्ट दिसतं, हे मी विसरले होते.

"मधू," ती म्हणाली, "पहिली ऑलिव्ह ऑइलची आहे. दुसरी व्हिनेगरची. आणि तिसरी मीच दोन वर्षांपूर्वी धुवून पालथी घातली होती, तिच्यात मनी प्लँट लावायला."

मी तिसरी बाटली हळूच मागे सरकवली.

"बाकीच्याही काढून ठेव, पडतील," आई म्हणाली. "आणि तिकीट मेच्या सुरुवातीचं काढ. कडेची सीट घे, गुडघा लांब करता येतो."